घड्याळखोलीत कोण येऊन जातं?

सोमवारी मधल्या सुट्टीत आइनो हुओटारीच्या मनात पाल चुकचुकली आणि पास्टीचा, म्हणजे बटाटा-मांसाच्या भाजलेल्या करंजीचा, घास गालातच अडकून राहिला.

कॉम्प्युटर पुन्हा चुकीचा उठला होता.

आता कॉम्प्युटर चुकीचा उठतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. बटण दाबलं की कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याचं नाव ग्रब. हा म्हणजे दारावरचा रखवालदार. काळ्या पडद्यावर तो एक यादी मांडतो आणि विचारतो, बोला, कुठली सिस्टिम उठवू? थोडा वेळ वाट बघतो. कुणी काहीच बोललं नाही तर त्याला आधी सांगून ठेवलेली सिस्टिम उठवतो आणि मोकळा होतो. कॉपर बे हायस्कूलच्या स्की-संघाच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम होत्या, एक नवी आणि एक जुनी. आणि शेवटच्या रेषेवरचं गेट, म्हणजे शर्यत संपवणाऱ्याची वेळ टिपणारा तो लाल दिव्याचा डोळा, बोलायचा फक्त जुनीशी. नवीशी त्याचा अबोला! एका घरात राहून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा असतात ना, तसला. दोन्ही सिस्टिम दिसायला सारख्याच. वेळ मोजायचा प्रोग्राम दोन्हींवर छान उघडायचा. नवी उठली आहे हे कळायचं केव्हा, तर पहिली मुलगी धापा टाकत रेषा ओलांडून गेली आणि फळ्यावरचे आकडे ढिम्म हलले नाहीत की मग!

हे या हिवाळ्यात दोनदा झालं होतं, आणि दोन्ही वेळा घड्याळखोलीच्या खुर्चीत आइनो होती.

ही खुर्ची साधीसुधी नव्हे. बर्फातल्या मार्गाच्या टोकाला लाकडी खोली, आत हीटर, समोर मोठी काच आणि हाताशी भोंग्याचा माइक. तिथे बसणारी व्यक्ती साऱ्या गावाला वेळा वाचून दाखवते. आजवर तिथे शेवटच्या वर्षाची मुलंच बसत आली होती. आइनो अकरावीत. स्कीवर तिची गत अशी की तिच्यामागे फक्त पडलेले लोक असायचे. पण खुर्ची मिळाली त्या दिवसापासून ती कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहायची तीसुद्धा वेगळ्या ऐटीत.

पहिल्या शर्यतीत गोंधळ झाला तेव्हा कोच बेलांजरनी गळ्यातल्या घड्याळावर वेळा घेतल्या आणि दोन शाळांचे कोच भर बर्फात भांडले. दुसऱ्या दिवशी आइनोने घरी बसून ग्रबबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एकेक आज्ञा टाइप करायची. तिला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की आपण कुणीतरी मोठ्या झालो आहोत असं वाटायला लागलं! तिने ग्रबच्या मेनूची फाइल शोधली आणि उघडली. यादीतली पहिली ओळ, म्हणजे इथे नवी सिस्टिम, ग्रब शून्य धरतो, हेही तिला आता पाठ होतं. 'आपोआप उठवायची ओळ: शून्य' असं जिथे होतं तिथे तिने जुन्या सिस्टिमचा नंबर टाकला. वर कुणी आगाऊपणा करू नये म्हणून मेनूच लपवून टाकला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. जुनी सिस्टिम उठली. गेटसमोर हात हलवला तर आकडे पळाले.

"आता माशी शिंकायची नाही," ती स्वतःशीच म्हणाली होती.

माशी शिंकली. दुसऱ्या शर्यतीत तीच गत. आइनोने पुन्हा फाइल उघडली, तर तिने लिहिलेलं गायब आणि शून्य परत जागच्या जागी! मेनूसुद्धा पुन्हा दिसायला लागलेला. तिने सगळं परत नीट केलं. आणि आज, सोमवारी, सहज म्हणून जाऊन बघावं तर पुन्हा शून्य.

चूक एकदा होते. दोनदा होते. पण आपण लिहिलेलं पुसून दर वेळी पहिल्यासारखं करून ठेवायला कुणाचे तरी हात लागतात.

आइनोने घास गिळला आणि आज्ञा दिली: ही फाइल शेवटची कधी बदलली? उत्तर आलं, गेल्या गुरुवारी, सरावानंतर.

घड्याळखोलीच्या किल्ल्या तिघांकडे. एक कोचकडे, पण कोच माउस उलटा धरायचे. एक तिच्याकडे. आणि तिसरी लोवेना ट्रेवार्थनकडे.

लोवेना! डोक्यात दिवा लागावा तसं झालं. लोवेना शरद ऋतूत आली होती आयर्न पॉइंटहून. त्याच आयर्न पॉइंटहून, ज्यांनी गेली कित्येक वर्षं कॉपर बेला जिल्ह्यात वर येऊ दिलं नव्हतं. आली काय, खोलीत मदतनीस म्हणून नाव दिलं काय, आणि लगेच किल्ली! गोड बोलायची, हळू चालायची. आणि आइनो आत आली की घाईघाईने स्क्रीनवरची खिडकी मिटायची. हे आइनोने आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा डोळ्यांवर झापड होती. आता एकेक आठवायला लागलं. कीबोर्डमध्ये दालचिनीच्या पावाचे कण असायचे, ते लोवेनाच्याच डब्यातले. दुसऱ्या शर्यतीत आकडे थांबले तेव्हा सगळे ओरडत होते आणि ही मात्र शांतपणे म्हणाली होती, "मला वाटलंच होतं."

वाटलंच होतं? कसं वाटलं होतं?

दुपारी मेणखोलीत गस पावोला गरम इस्त्रीने स्कीला मेण लावत बसला होता. गस आइनोचा शेजारी. पाळण्यापासूनची ओळख, त्यामुळे दोघांच्या बोलण्यात आदर नावाला नाही.

"सांगते ते कुणाला सांगायचं नाही," आइनो दार लावत म्हणाली.

"म्हणजे संध्याकाळपर्यंत तूच गावभर सांगणार."

"गस्या, गंमत नाही. लोवेना आयर्न पॉइंटची हेर आहे."

गसच्या हातातली इस्त्री थांबली. "ती? अगं, ती बूट काढताना बुटाला सॉरी म्हणते."

"तेच तर! इतकं चांगलं कुणी असतं का?"

"मी आहे की."

"तू गप. ऐक." तिने गुरुवारची गोष्ट सांगितली, शून्याची सांगितली, पावाच्या कणांचीसुद्धा सांगितली.

"मग तिला सरळ विचार ना."

"चोराला विचारून चोरी कळते का रे?"

"मग पासवर्ड बदल. काम फत्ते."

"आणि मग चोर सापडणार कसा? ती दुसरं काहीतरी करेल. गेटची वायर कापेल! शनिवारी जिल्ह्याची निवड आहे, गस."

गसने इस्त्री खाली ठेवली. शनिवारची त्यालाही काळजी होती, त्याची शेवटची संधी होती ती. "तरी पण," तो म्हणाला, "मला नाही पटत. तुला ती मुळात आवडत नाही, कारण परवा तिने माइकवर नावं वाचली आणि सगळे म्हणाले, किती छान आवाज."

आइनो जे गेली ते दार आपटूनच.

मंगळवारी तिने कोचना गाठलं. कोच बेलांजर मार्गावर यंत्राने बर्फ दाबून परत आले होते, मिशीला बर्फाचे मणी लोंबत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीतला बर्फ झटकला.

"हे बघ," शेवटी ते म्हणाले, "शनिवारी परत आकडे थांबले तर पुढच्या वर्षीपासून भाड्याची मंडळी येतील वेळ घ्यायला. खोलीला कुलूप लागेल. ते मला वरून सांगितलं गेलंय, त्यात माझं काही चालत नाही."

"म्हणून तर सांगतेय ना, कोच!"

"तू एका मुलीचं नाव घेते आहेस, आइनो. वायरचं नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग शुक्रवारी सरावानंतर मी तिच्याकडून किल्ली मागून घेतो. पण तुझं चुकीचं निघालं, तर शनिवारी खुर्चीत ती बसेल. आहे कबूल?"

आइनोचं तोंड विचारापेक्षा नेहमीच पुढे धावायचं. "कबूल!"

पुढचे दोन दिवस तिने लोवेनावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. लोवेना वाचनालयात कुणाला तरी लांबलचक मेसेज लिहीत होती. कुणाला? लोवेना सरावानंतर सगळे गेले तरी बूट बांधत रेंगाळली. का? बुधवारी ती स्वतःहून आइनोजवळ आली आणि म्हणाली, "घड्याळखोलीबद्दल तुझ्याशी थोडं बोलायचं होतं," आणि आइनोने, "मला घाई आहे," म्हणून पाठ फिरवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आता काहीतरी थाप मारून माहिती काढून घेणार, आणि आपण भोळ्यासारखं सांगणार, होय ना? छे, नावच नको!

त्याच दुपारी तिने मेनूची फाइल पुन्हा नीट केली. जुन्या सिस्टिमचा नंबर. मेनू लपवलेला. सापळा तयार.

गुरुवारी सराव संपायच्या आधीच ती पाय मुरगळल्याचं सोंग करून सटकली आणि घड्याळखोलीत मागच्या भिंतीला टांगलेल्या जाड कोटांच्या आड जाऊन बसली. खाली स्कीच्या पिशव्या, वर शर्यतीतल्या स्वयंसेवकांचे वास मारणारे कोट. कोटाच्या दोन बाह्यांमधून स्क्रीन नीट दिसत होता. बाहेर अजून उजेड होता आणि काचेवर सरोवरावरून आलेला बर्फ भुरभुरत होता. एका पायाला मुंग्या आल्या. नाकात शिंक येऊन बसली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

कुलूप वाजलं.

लोवेना आत आली. बूट झटकले, हीटर लावला. डब्यातून दालचिनीचा पाव काढला (बघा!), एक चावा घेतला आणि खुर्चीत बसली. आइनोच्या खुर्चीत. कॉम्प्युटर चालू केला. ती वाकून बघत राहिली, आणि मेनू न दिसता जुनी सिस्टिम उठली तेव्हा पुटपुटली, "हं. परत लपवलंच का?"

मग तिने कॉम्प्युटर पुन्हा चालू करताना एक बटण दाबून धरलं, दडलेला मेनू बाहेर काढला आणि नवी सिस्टिम निवडली. काळी खिडकी उघडली. बोटं चालायला लागली. स्क्रीनवर ओळींमागून ओळी पळाल्या. आइनोचं हृदय इतकं जोरात वाजत होतं की तिला वाटलं, कोटसुद्धा हलत असेल. मग सगळ्यात शेवटी लोवेनाने एक आज्ञा लिहिली, आणि स्क्रीनवर उमटलं: मेनूची फाइल नव्याने बनवत आहे.

"सापडलीस!"

आइनो उसळली खरी, पण मुंग्या आलेला पाय उसळला नाही. ती कोटांसकट, खुंट्यांसकट आणि चार स्कीकाठ्यांसकट धाडकन लोवेनाच्या पायाशी येऊन पडली. लोवेना किंचाळली. पाव उडून हीटरवर जाऊन बसला.

"आइनो? तू... तू कोटात काय करतेस?"

"मी काय करते? तू काय करतेस! मी नीट करून ठेवते आणि तू दर गुरुवारी येऊन पुसतेस. आयर्न पॉइंटवाले किती देतात गं तुला? की फुकटच?"

लोवेनाचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. आइनोने तिला कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. हळू बोलणारी माणसं रागावली की आणखी हळू बोलतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

"मी अपडेट करते," लोवेना म्हणाली. "दर आठवड्याला. माझा मामेभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याने शिकवलंय. सगळं अपडेट करायचं आणि शेवटी मेनू नव्याने बनवायचा. पहिल्या शर्यतीत बिघडलं तेव्हा मला वाटलं, अपडेट नसल्यामुळेच बिघडलं. म्हणून सुरू केलं. आणि नंतर जास्तच बिघडायला लागलं, तेव्हा मलाही संशय आला."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा?!"

"मेनू लपवतं कोण, आइनो? ज्याला काहीतरी लपवायचंय तो! मी दर गुरुवारी तो परत आणते आणि दर गुरुवारी तो नाहीसा झालेला असतो. मला वाटलं, तू मुद्दाम बिघडवतेस, म्हणजे नवी मुलगी बदनाम होईल. तू माझ्याशी बोलतसुद्धा नाहीस. काल बोलायला आले तर पाठ फिरवलीस."

"तू मला बघून खिडकी मिटायचीस!"

"कारण तू ओरडतेस! पहिल्याच दिवशी म्हणालीस, माझ्या कॉम्प्युटरला हात लावशील तर बोटं मोडीन."

हे आइनो म्हणाली होती. गमतीतच म्हणाली होती, पण म्हणाली होती.

दोघी एकमेकींकडे मांजरीसारख्या बघत राहिल्या. हीटरवरचा पाव जळायला लागला होता.

"दाखव," आइनो शेवटी म्हणाली. "मी लिहिलेलं तुझ्या आज्ञेने कसं पुसलं जातं, ते दाखव. माझा विश्वास नाही."

"माझाही तुझ्यावर नाही. तू लांब उभी राहा. कीबोर्डला हात लावायचा नाही."

लोवेनाने मेनूची फाइल उघडली. आइनो सवयीने म्हणाली, "खाली जा. 'आपोआप' शब्द शोध, थेट त्या ओळीवर जाता येतं."

"थांब. हे वर काय लिहिलंय?"

"काही नाही, सगळ्याच फाइलींवर काहीतरी लिहिलेलं असतं."

लोवेना मोठ्याने वाचायला लागली, त्याच छान आवाजात. "ही फाइल हाताने बदलू नका. ही फाइल आपोआप तयार होते. बदल करायचे असल्यास सेटिंगच्या फाइलीत करा."

आइनो खुर्चीजवळ सरकली.

आइनोने ती ओळ स्वतः वाचली. मग परत वाचली. फाइलीच्या अगदी माथ्यावर, ढळढळीत. एवढ्या वेळा तिने ही फाइल उघडली होती, आणि दर वेळी शोधाचं बटण दाबून झपकन मधल्या ओळीवर उडी मारली होती. आपण किती भराभर काम करतो याचा तिला केवढा अभिमान होता!

म्हणजे तिने लिहिलं होतं वाळूवर. मेनू नव्याने बनला की ग्रब सेटिंगची फाइल बघायचा, तिथे आइनोचं नावनिशाण नसायचं, आणि तो बिचारा इमानाने शून्य लिहून मोकळा व्हायचा. लोवेनाने आज्ञा दिली नसती तरी कधीतरी, कुठल्यातरी मोठ्या अपडेटबरोबर, हे होणारच होतं. दोघीजणी खोली नीट करत होत्या, आणि दोघींनी मिळून ती बिघडवली होती.

"अय्या," आइनो एवढंच म्हणाली.

"अय्या काय अय्या! सेटिंगची फाइल कुठे असते, माहीत आहे?"

माहीत होतं. सगळं वाचलं होतं की तिने! फक्त लक्षात ठेवायचं तेवढं सोडून. पुढचं काम मोठं मजेशीर झालं. विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता, म्हणून एक आज्ञा आइनोने सांगायची, लोवेनाने टाइप करायची, आणि मग ती पुन्हा वाचून दाखवल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. नंबरऐवजी त्यांनी जुन्या सिस्टिमचं पूर्ण नाव लिहिलं, म्हणजे उद्या यादी खालीवर झाली तरी फरक पडायला नको. मेनूवरून भांडण झालं. आइनो म्हणे लपवू, लोवेना म्हणे मुळीच नाही.

"दहा सेकंद दिसू दे."

"दहा? तेवढ्यात कुणीही येऊन काहीही निवडेल. दोन."

"कोण येणार आहे इथे? कोटातून?"

आइनोला हसू आलं, पण तिने ते दाबलं. पाचावर तडजोड झाली.

मग लोवेनाची आज्ञा. मेनूची फाइल नव्याने बनली. कॉम्प्युटर बंद, चालू. काळ्या पडद्यावर यादी दिसली, पाच, चार, तीन... आणि जुनी सिस्टिम उठली. आइनोने बाहेर पळत जाऊन गेटसमोर हात हलवले आणि काचेतून लोवेनाने अंगठा दाखवला. तरी आइनोचं समाधान होईना. "परत कर. सगळं अपडेट, शेवटपर्यंत." लोवेनाने केलं. जुनीच उठली. ग्रब आता विसरायला तयारच नव्हता.

लोवेना जळका पाव खरवडून खायला लागली आणि अर्धा तिने आइनोला दिला. "मी कोचना सांगणार होते तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "मामेभावाला सगळं लिहिलंसुद्धा. तो म्हणाला, आधी तिच्याशी बोल. बरं झालं सांगितलं नाही, ना?"

आइनोने पावाचा तुकडा हातातच धरला. आता सांगावं. आताच. कोचना मी सांगून बसले आहे, उद्या ते तुझी किल्ली घेणार आहेत. एवढंच तर वाक्य. पण त्या वाक्याच्या शेपटाला खुर्ची बांधलेली होती. शनिवारी सगळा जिल्हा येणार, तीन शाळांचे बँड येणार, काचेपलीकडे सगळं गाव.

"हो ना," आइनो म्हणाली. "बरं झालं."

घरी जाताना तिने स्वतःला समजावलं, कोचना आपण उद्या हळूच गाठू. म्हणू, मिटलं सगळं, यंत्रातच दोष होता. नावं कशाला? खुर्चीचं ते विसरतील. सुंठेवाचून खोकला जाईल.

पण शुक्रवारी कोच सकाळपासून मार्गावर होते, आणि सरावानंतर ते मेणखोलीत शिरले तेच सगळा संघ बाकांवर बसलेला असताना. त्यांनी हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला.

"लोवेना, घड्याळखोलीची किल्ली दे."

कुणाची तरी स्की घसरून खाली पडली.

"का, कोच?" लोवेनाने विचारलं.

"उद्या महत्त्वाची शर्यत आहे. मला धोका नको."

लोवेनाने कोचकडे बघितलं. मग हळूहळू, अगदी हळूहळू, तिने मान वळवून आइनोकडे बघितलं. खिशात हात घातला, किल्ली काढली. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "मी म्हटलं नव्हतं? आयर्न पॉइंटची." गस इस्त्री हातात धरून आइनोकडे टक लावून बघत होता.

अजूनही गप्प बसता आलं असतं. किल्ली कोचच्या हातात पडायलाच आली होती.

"नका घेऊ!" आइनो उभी राहिली. आवाज असा फाटका निघाला, की माइकवर कुणी ऐकवला नसता. "तिने काही केलं नाही. मी केलं. म्हणजे मी चुकीच्या फाइलीत लिहीत होते. तिथे वरच लिहिलं होतं बदलू नका म्हणून, आणि मी वाचलंच नाही. तिने काल शोधून काढलं. मला कालच कळलं होतं, कोच."

"काल?" कोच म्हणाले.

"काल दुपारी."

"आणि मी आता इथे येईपर्यंत गप्प?"

तिने मान हलवली. कान इतके तापले होते की त्यांवर मेण वितळलं असतं.

कोचनी हातमोजा परत चढवला. "किल्ली ठेव, लोवेना. उद्या खुर्चीत तू. आइनो, तू लांबच्या वळणावर झेंडा घेऊन. आणि जाडे मोजे घाल, तिथे वारा फार असतो."

लोवेनाने किल्ली खिशात टाकली. ना थँक्यू, ना काही. दोन्ही बूट बांधले आणि निघून गेली. बुटांना सॉरीसुद्धा म्हणाली नाही.

"हात दाखवून अवलक्षण," गस म्हणाला.

"तू इस्त्री कर."

"करतोय. पण बरं बोललीस शेवटी. थोडं उशिरा, पण बरं."

शनिवारी लांबच्या वळणावर वारा खरंच फार होता. झाडांपलीकडून बँडचा ढमढम आवाज यायचा आणि मध्येच तुटायचा. इथून खोली दिसत नव्हती, फळा दिसत नव्हता. पापण्यांवर बर्फ धरलेला. आइनो झेंडा घेऊन पाय आपटत उभी राहिली, आणि उभ्या उभ्या तिचं मन पुन्हा शंकांच्या शेवया वळायला लागलं. सकाळी कोचनी कॉम्प्युटर चालू केला असेल. मेनू दिसला असेल ना? नाव नीट लिहिलं होतं ना? आणि लोवेना... ती तर आता इतकी चिडली आहे. समजा, तिने खरंच...?

"शी!" आइनो स्वतःलाच म्हणाली. पण संशय म्हणजे बुटात गेलेला बर्फ, काढला तरी ओल राहतेच. शेवटी तिने छातीवरचा वॉकीटॉकी दाबला.

"वळणावरून खोलीला. गेट ऐकतंय का?"

खरखर झाली. मग लोवेनाचा आवाज आला, कोरडा. "ऐकतंय."

"तपासलंस?"

"तपासलं."

"गेटसमोर हात हलवून?"

"आइनो, पहिली मुलगी आत आलीसुद्धा. आकडे बरोबर उमटले, वेळ मी वाचून दाखवली. अख्ख्या जिल्ह्याने ऐकली, तुला तेवढी ऐकू आली नाही."

"वाऱ्यामुळे."

"बरं."

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. आइनोला वाटलं, संपलं. पण लोवेनाने बटण सोडलं नव्हतं. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"तुला खात्री नसेल तर येऊन बघ," लोवेना म्हणाली.

"आले तर खुर्ची देशील?"

"नाही."

"मग कशाला येऊ?"

"नको येऊस. गस निघाला आहे, झेंडा सरळ धर."

आइनोने झेंडा सरळ धरला. झाडांतून गस येताना दिसला, तोंड वासलेलं, मिशी नसूनही ओठावर बर्फ. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "पळ, गस्या, पळ! आकडे चालू आहेत!"